टँकावरची नवी फळी

१० जानेवारी १९९९, रविवार

मसाल्याच्या कंपनीनं दुकानाला डायरी दिली. माझ्या मुलानं, शशिधरनं, ती बायकोला दिली. माझी सून शिवलीला म्हणाली, मला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं, आत्तींना द्या; आत्ती म्हणजे मी, तिची सासू. आणि माझी नात सौंदर्या म्हणाली, "आज्जी, दिवसभर बोलतीस ते हिच्यात लिही, म्हणजे आमाला टीव्ही तरी ऐकू येईल." तेरा वर्षांची आहे, जीभ बघा. माझ्यावर गेली आहे. माझी शाळा चौथीतच सुटली, पण अक्षराला मास्तर नावं ठेवत नव्हते. तर लिहिते.

पहिलं पान देवाच्या नावानं लिहायचं होतं, पण डोकं इतकं तापलं आहे की देवानं जरा थांबावं.

आमच्या तीन कॉलन्यांचा मिळून पोहायचा एक टँक आहे. शेजारच्या विहिरीचं पाणी, त्यामुळं उन्हाळ्यात पण गार. त्यावर उडी मारायची एक फळी आहे. सौंदर्या त्या फळीच्या टोकावर उभी राहते, दोनदा नाचते, आणि वर उडून हवेत कोलांटी घेऊन पाण्यात सुईसारखी जाते. पाणी सुद्धा म्हणत नाही, कोण आलं. मी काठावर बसून बघते तेव्हा माझं मलाच वाटतं, ही आपल्याच घरातली का? शशिधर तर बादलीत पडला तरी बुडेल.

पोहायला शिकवणाऱ्या वर्षाराणी मॅडम आहेत. त्या स्वतः उड्यांची बक्षिसं घेतलेल्या. त्या म्हणतात, मे महिन्यात पुण्याला राज्याच्या संघाची निवड आहे, सौंदर्याला संधी आहे. मी तेव्हापासून जमिनीवर नाही.

तर आज पोरगी पाय धरून घरी आली. फळीवर पाय घसरू नये म्हणून लावलेला काथ्या पार झिजलाय, आणि खालचा खिळा वर आलाय. तो तळव्यात घुसला. मी तशीच टँकावर गेले आणि फळी पहिल्यांदा बाजूनं बघितली. लाकूड टोकाला पोपडे सुटल्यासारखं. आणि दुसरी एक पोरगी उडी मारत होती, तर ती अख्खी फळी हातभर खाली लवली आणि परत वर आली, नुसती थरथरत. मला घेरीच आली. अशा मोडक्या फळीवर आम्ही आमची पोर रोज पाठवतो.

टँकाच्या कमिटीचे चेअरमन बाळासो तिथंच खुर्ची टाकून पेपर वाचत होते. म्हटलं, ही फळी बघा. ते म्हणाले, "हुईल की, अक्काताई." पेपर खाली केला नाही. मी त्या पेपरशी बोलून आले.

२४ जानेवारी, रविवार

कमिटीची मीटिंग होती. बायकांना कुणी बोलावत नाही, पण हाकलत पण नाही. मी चिमणाबाईला घेऊन गेले. चिमणाबाई माझी शेजारीण. तिची म्हैस आणि तिचं तोंड, दोन्हीला कॉलनीत मान आहे. एक दूध देते म्हणून आणि दुसरं ऐकावं लागतं म्हणून.

बाळासोंनी आधी पार्किंगचं काढलं, मग वॉचमनच्या टोपीचं, मग टँकावर म्हाताऱ्या माणसांना बसायला काही नाही, एक बाकडं पाहिजे, त्याचं. बाकड्यावर एवढी चर्चा झाली की तेवढ्यात दोन बाकडी झाली असती. शेवटी मी उभी राहिले. म्हटलं, फळी मोडायला आली आहे, आधी ती बदला.

एक जण म्हणाला, उड्या मारणाऱ्या पोरी चार, त्यांच्यासाठी खर्च कशाला? चिमणाबाई म्हणाली, "तुमी पोहायला येता तवा निम्मं पानी भाईर जातंय, त्याचा खर्च कोन देतंय?" तो माणूस पोट आत घेऊन बसला. जरा जाड आहे बिचारा.

मग बाळासो म्हणाले, "अक्काताई, फळी हलायचीच."

मी म्हटलं, "बाळासो, दात हलायला लागला तर तुमी काढता का त्याच्यावर जेवता?"

सगळी खोली हसली. बाळासोंची कवळी आहे, हे नंतर माझ्या लक्षात आलं. पण नवीन फळी करायची ठरली. मी तिथंच सांगितलं, माझा धाकटा भाऊ प्रभुलिंग याची शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे, तो करून देईल, आणि अशी करून देईल की परत कमिटीला त्रास नको.

वर्षाराणी मॅडम मागं उभ्या होत्या. त्या काहीतरी सांगत होत्या, लाकूड कसलं पाहिजे, जाडी किती, टेकू कुठं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, बाई, तू पोरींकडं बघ, लाकडालोखंडाचं आम्ही बघतो. लाजाळू आहे ती. सगळ्यांच्यासमोर तिला बोलता येत नाही. मीच तिच्या वतीनं बोलले.

७ फेब्रुवारी, रविवार

प्रभुलिंग येऊन टँक बघून गेला. जेवायला थांबला. दोन चपात्या म्हणत म्हणत सहा खाल्ल्या. आमची आई, अव्वा, असती तर म्हणाली असती, अजून एक. त्याला मी सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, मागचे बोल्ट घट्ट पाहिजेत, मधला टेकू हलता कामा नये, आणि फळी लवता कामा नये. तो म्हणाला, "अक्का, अशी करतो की हत्ती नाचला तरी तिला कळायचं न्हाई." याला म्हणतात माणूस. लहानपणी मी त्याला कडेवर घेऊन हिंडले त्याचं चीज झालं.

सागवान घेणार आहे, चार बोटं जाड. खाली बिडाचे ठोकळे. बीड म्हणजे ओतीव लोखंड, ते त्याच्या घरचंच.

संध्याकाळी वर्षाराणी मॅडम घरी आल्या. म्हणाल्या, आज्जी, फळीबद्दल जरा बोलायचं होतं. मी म्हटलं, आधी बस. चिमणाबाईनं चीक दिला होता, त्याचा खरवस केला होता, तो दिला. मग धपाटे दिले. मग ती कुठली, आई काय करते, लग्नाचं काय, हे विचारलं. आजरा तालुक्यातली आहे, वडील काजूच्या कारखान्यात. लग्नाचं विचारल्यावर उठलीच. मी डब्यात खरवस भरून दिला. दारात ती म्हणाली, आज्जी, फळीचं... मी म्हटलं, काही काळजी करू नकोस, भाऊ माझा आहे. तिला एवढी काळजी. गुणी पोरगी.

२ मार्च, धुळवड

आज लिहायला बसले ती रागानंच. जुनी फळी काढून महिना होत आला. नवीन फळी येऊन पडली आहे, कापडात गुंडाळून, मयतासारखी. बसवत का नाहीत? तर उद्घाटन करायचं आहे. साहेबांची तारीख मिळत नाही.

हे साहेब कोण? आमच्या भागाचे पुढारी. पोहता त्यांना येत नाही, हे सगळ्या कोल्हापूरला माहीत आहे. तरी पाण्यावरच्या फळीला त्यांचा हात लागल्याशिवाय ती फळी होत नाही म्हणे. मी बाळासोंना म्हटलं, तुमच्या दारात नवीन पायपुसणं टाकता तेव्हा पण साहेबांना बोलावता का? ते म्हणाले, निवडणुका तोंडावर आहेत, तुम्हाला नाही कळायचं. मला नाही कळायचं. मी तीन बाळंतपणं, दोन दुष्काळ आणि एक सासू काढली आहे, मला नाही कळायचं.

तोवर पोरी काठावरून उड्या मारतात. सौंदर्या अंगणात गादी टाकून कोलांट्या घेते. कुत्रं घाबरून आठ दिवस आलं नाही. शिवलीला म्हणते, आत्ती, तुम्ही जरा दमानं घ्या. दमानं घेणाऱ्यांच्यामुळं हे सगळं असं आहे.

१८ मार्च, पाडवा

आज माझ्या जिवाला शांतता आहे. गुढी उभी केली, लिंगपूजा केली, कडुनिंब खाल्ला, आणि टँकावर गेले. मांडव, सनई, कॅसेटवर पोवाडा. फळी कापडातून काढली आणि लोकांनी आ केला. भगवा ऑईलपेंट, वर पिवळ्या अक्षरात साहेबांचं नाव, खाली बारीक अक्षरात, श्रीमती अक्काताई यांच्या प्रयत्नातून. मला डोळ्यात पाणी आल्यामुळं नीट वाचता आलं नाही, सौंदर्याकडून वाचून घेतलं.

साहेब आले, नारळ फुटला, भाषण झालं. मग बाळासोंनी तालमीतल्या केरबा पैलवानाला फळीवर चढवलं. लंगोटावर. तो टोकावर जाऊन उभा राहिला, दंड थोपटले, आणि धाडधाड नाचला. लोक मान वाकडी करून खालून बघत होते. फळी तसूभर हलली नाही. टाळ्यांचा नुसता कडकडाट. प्रभुलिंग छाती काढून उभा होता. कुणीतरी म्हणालं, कोल्हापूरचं काम हाय, पुण्याचं न्हाई. मला साडी आणि श्रीफळ दिलं. साडी काठाची आहे, पण रंग म्हातारा आहे. असू दे.

मग सौंदर्यानं पहिली उडी मारली. पायऱ्या चढली, टोकावर गेली, एकदा नाचली, धप्प आवाज आला. दुसऱ्यांदा नाचली, धप्प. आणि पाण्यात गेली. कोलांटी घेतली नाही. गर्दीपुढं लाजली असेल. वर आली तेव्हा तोंड जरा उतरलेलं होतं, सकाळपासून उपाशीच होती. मी विचारलं, कशी आहे फळी? तिनं माझ्या हातातल्या साडीकडं बघितलं. मग म्हणाली, "छान हाय, आज्जी."

मॅडम जेवायला थांबल्या नाहीत. डोकं दुखतं म्हणाल्या.

२९ मार्च, सोमवार

बुटाच्या दुकानदाराशी भांडून आले. शाळेचे बूट आपल्याला देताना गोड बोलतो आणि पोरीच्या टाचा सुजवतो. सौंदर्या सकाळी उठली की पहिली चार पावलं टेकत नाही, भिंत धरून चालते. मी म्हटलं, हे बुटामुळं. ती म्हणाली, व्हय. रोज संध्याकाळी तिळाचं तेल कोमट करून चोळते. हाताला टाच गरम लागते.

दुकानदार म्हणाला, तुमच्या नातीनं हेच बूट आठ महिने घातले, तेव्हा सुजलं नाही? मी म्हटलं, आता सुजलं आहे ते बघ. मोठ्या मापाचे घेऊन आले.

पोरगी शहाणी झाली आहे हल्ली. पूर्वी जेवताना नुसती वटवट, आता शांत बसते. दोन घास खाते, उठते, आणि टँकावर जाते. एक दिवस चुकवत नाही. मी म्हटलं, एवढं दुखतंय तर राहू दे आज. म्हणाली, "नगो, तू एवढं केलंस, जातो मी." अशी नात कुणाला मिळते?

वर्षाराणी मॅडम मात्र मनातून उतरल्या. समोर दिसल्या तर नमस्कार करून पुढं जातात. बोलणं नाही. एवढी कमिटीशी भांडून फळी आणून दिली, एक शब्द चांगला नाही. चिमणाबाई म्हणाली, "शिकल्याली मानसं अशीच, खरवस खाऊन ताक सुदीक इचारत न्हाईत."

८ एप्रिल, गुरुवार

आज मास्तर असते तर या अक्षराला नावं ठेवली असती.

दुपारची बायकांची वेळ होती. चिमणाबाई रेडकू बघायला टँकाच्या मागं गेली होती, तिथून ती पळत आली. म्हणाली, तुझी पोरगी कपडे बदलायच्या खोलीत बसून रडायला लागली आहे. मी गेले. सौंदर्या बादलीत दोन्ही पाय घालून बसली होती, बादलीत बर्फ, शेजारी मॅडम खाली बसलेल्या. मला बघून पोरीनं तोंड धुतल्यासारखं केलं.

मी मॅडमना म्हटलं, पोरीचे पाय असे होईपर्यंत तुम्ही काय करत होता? फळी नवीन, टँक नवीन केल्यासारखा, आणि तुम्हाला चार पोरी सांभाळता येत नाहीत?

मॅडम उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आज्जी, फळीनंच झालंय हे. ती लवत नाही. फळी लवून पोरीला वर फेकायला पाहिजे, ही दगडासारखी आहे. रोज शंभर वेळा ही पोर दगडावर नाचते. मी तुम्हाला दोनदा सांगायला आले."

मी म्हटलं, कमिटी तिथं, साहेब तिथं, पैलवान तिथं, सगळ्यांना चांगली वाटली आणि तुम्हालाच वाईट दिसली? आणि सौंदर्याला विचारलं, हे खरं का? ती पाण्यात बर्फ हलवत बसली.

मी घरी आले. रिक्षा केली नाही, चालत आले, चालताना सगळ्यांना मनातून बोलले. मॅडमना, बाळासोंना, बूटवाल्याला. जेवले नाही.

९ एप्रिल, शुक्रवार

रात्री डोळा लागला नाही म्हणून आज दुपारी टँकावर गेले. पुरुष नव्हते. वॉचमनला बाहेर घालवलं. नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि फळीवर चढले. चिमणाबाई खाली उभी राहून म्हणत होती, पडलीस तर मी पाण्यात येनार न्हाई, मला पोहता येत न्हाई. म्हटलं, मला येतं.

कोडोली माझं माहेर. लहानपणी आम्ही पोरी वारणेवर जायचो. काठावर एक उंबर होता, त्याची एक फांदी पाण्यावर आडवी गेलेली. तिच्यावर जाऊन दोनदा झोका घ्यायचा की फांदी लवायची आणि मग असं फेकायची की नदीच्या मध्यावर. जी फांदी लवत नव्हती तिच्यावर कुणी चढत पण नव्हतं. ती म्हाताऱ्यांनी धोतर वाळत घालायला. हे सगळं मला फळीच्या टोकावर उभं राहिल्यावर आठवलं, एक मीटिंग, एक उद्घाटन आणि एक साडी झाल्यावर.

मी एकदा उडी मारून परत फळीवरच पाय टेकले. टाचेतून जी कळ आली ती दातात गेली. दुसऱ्यांदा मारली नाही. उतरायला चिमणाबाईला वर यावं लागलं.

संध्याकाळी तेल चोळताना सौंदर्याला विचारलं. का बोलली नाहीस? घरात कुणाचं काही ठेवत नाहीस, बापाच्या चहाला नावं ठेवतीस, माझ्या पायाच्या वासाला नावं ठेवतीस. हेच का नाही बोललीस?

पोरगी म्हणाली, "तुला किती आनंद झालता, आज्जी. तू साडी नेसून रोज आरशात बघत होतीस."

मी तेल सांडलं. पुढचं लिहीत नाही.

११ एप्रिल, रविवार

आता ऐका या कमिटीचं.

मी गेले आणि सरळ सांगितलं, फळी काढा, दुसरी बसवा, मॅडम सांगतील तशी. बाळासोंनी चष्मा काढला. म्हणाले, "अक्काताई, दात हलतोय म्हणून तुमीच काढाय लावला. आता बसवलेला घट्ट हाय म्हणून काढायचा?" ते वाक्य त्यांनी जानेवारीपासून जपून ठेवलं असणार. हसू दिलं सगळ्यांना. म्हटलं, हसून झालं का? काढणार का?

नाही काढता येत म्हणे. उद्घाटन झालेलं आहे. साहेबांच्या हस्ते झालेली वस्तू काढली तर साहेबांचा अपमान. दुसऱ्या गटाला आयतं कोलीत. एक जण म्हणाला, काढायला पण साहेबांनाच बोलवावं लागेल. दुसरा म्हणाला, काढायचं उद्घाटन कसं करतात? नारळ उलटा फोडतात का? यांना मस्करी सुचते. पोरीच्या टाचा एकीकडं, निवड एक महिन्यावर, आणि यांना एका माणसाचं ऑईलपेंटातलं नाव महत्त्वाचं.

मी म्हटलं, ते नाव माझं पण आहे त्या फळीवर. माझा अपमान मी करते, साहेबांचं त्यांचं ते बघतील. तर म्हणाले, तुमचं बारीक अक्षरात आहे.

प्रभुलिंगला फोन केला तर तो पण फुगला. "अक्का, तूच म्हनालीस लवता कामा नये. माझं काम घट्ट हाय ही तक्रार आजपर्यंत कुनी केली न्हाई." फोन ठेवला त्यानं. कडेवर घेऊन हिंडलेला.

डॉक्टरांनी सौंदर्याला पंधरा दिवस उड्या बंद सांगितल्या आहेत. ती मला म्हणते, असू दे आज्जी, पुढच्या वर्षी. हे 'असू दे' मला ऐकवत नाही. हे माझ्या तोंडचं वाक्य आहे, तिच्या वयाचं नाही.

१८ एप्रिल, बसवजयंती

आठवडाभर भांडून घसा बसला, म्हणून आज डोक्यानं विचार केला. उशिरा सुचलं पण सुचलं.

मिरवणुकीत बाळासो भेटले. मी म्हटलं, "बाळासो, तुमाला टँकावर बाकडं पायजे हुतं न्हवं?" ते सावध झाले. म्हटलं, ती फळी एवढी दणकट आहे, ती लिंबाच्या झाडाखाली बिडाच्या त्याच ठोकळ्यांवर ठेवा. साहेबांचं नाव तसंच राहू दे, उलट तिथं जाता येता दिसेल. आत्ता वर चढल्याशिवाय दिसत नाही. निवडणुकीपर्यंत तुमची सगळी म्हातारी मतं त्या नावावर बसून असतील.

बाळासो थांबले. झेंडा पुढं गेला, ते थांबलेलेच. मग म्हणाले, "म्हंजे काढली असं हुईत न्हाई. हलवली असं हुतंय."

मी म्हटलं, तेच की. ती हलावी एवढंच तर पाहिजे होतं.

२ मे, रविवार

बसली एकदाची. भगवी फळी लिंबाखाली बाकडं झाली. दुसरी फळी मॅडमनी सांगलीच्या एका टँकावरून आणली. पातळ, पांढरी, वर खरखरीत. प्रभुलिंग रुसून का होईना पण आला. मॅडमनी कागदावर काढून दिलं तसा मधला टेकू करून आणला, पुढं मागं सरकणारा. म्हणाला, सरकणारी वस्तू आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम केली. जेवताना परत सहा चपात्या खाल्ल्या, म्हणजे राग गेला.

या फळीचं उद्घाटन करायचं नाही असं मी कमिटीकडून कबूल करून घेतलं. म्हणजे पुढं कधी वाईट निघाली तर बदलता येईल. चिमणाबाई नारळ घेऊनच आली होती, तिला परत पाठवली. ती म्हणाली, मग चटनी तरी करा.

डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, रोज थोडं थोडं. सौंदर्या चढली. मी डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत. फळी लवली, अगदी खाली गेली, आणि पोरगी वर. लिंबाच्या वरच्या डहाळीएवढी वर. कोलांटी घेतली आणि पाण्यात. वर आली ती ओरडतच आली.

मॅडमना मी म्हटलं, तुम्हाला दोनदा परत पाठवलं, एकदा तर खरवस देऊन. त्या म्हणाल्या, "आज्जी, खरवस चांगला होता." एवढंच. मोठ्या मनाची आहे. लग्नाचं मी आता विचारत नाही. चिमणाबाईला विचारायला सांगितलं आहे.

१६ मे, रविवार, पुणे

शशिधरच्या साडूच्या घरी मुक्काम. पुण्याच्या लोकांच्या घरात चहा टोपणाएवढ्या कपात देतात, पण ते राहू दे.

सकाळी निवड झाली. टँक एवढा मोठा की आमचे चार बसतील. फळ्या ओळीनं. मी वरच्या पायरीवर बसले. माझ्या शेजारी एक बाई, पर्सवाल्या. सौंदर्या टोकावर जाऊन नाचली, फळी लवली, तर त्या बाई म्हणाल्या, अगं बाई, मोडते की काय ती. मी त्यांना चांगलं झापलं. म्हटलं, "लवती म्हंजे चांगली हाय. कळत न्हाई त्यात बोलू नये, पावणं." त्या सरकून बसल्या.

मग मी ओरडले. सगळेच ओरडत होते, असं मला वाटलं. प्रत्येक उडीला मी सांगत होते, घे की, सौंदर्या, घे, पाय जुळव, मान बघ. शेवटच्या उडीत तिचे पाय जरा सुटले आणि पाणी उडालं. तिसरी आली. पहिल्या दोघी संघात, तिसरी राखीव. कोणी आजारी पडलं तर जायचं. मार्क देणारे पाच जण होते आणि त्यातला निळ्या टोपीवाला सारखा जांभया देत होता, हे मी सगळ्यांना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, आज्जी, तीन आठवडे फळीला पायच लावला नव्हता, तिसरी म्हणजे लई झालं. मला ते तीन आठवडे कुठून आले हे माहीत आहे, त्यामुळं मी टोपीवाल्यावरच राहिले.

रिक्षातून येताना पोरगी माझ्या मांडीवर ओले केस ठेवून पडली होती. मला वाटलं झोपली. तर डोळे न उघडता म्हणाली,

"आज्जी, एक सांगू? राग मानू नगंस."

म्हटलं, सांग.

"पुढच्या टायमाला तू आत बसू नगंस. मी वर असतो आनि मला सगळं सोडून तुझाच आवाज ऐकू येतो. शेवटच्या उडीला तू पाय जुळव म्हनालीस आनि मी पायाकडंच बघितलं."

रिक्षात मॅडम होत्या, शिवलीला होती. दोघी बाहेर बघायला लागल्या. माझं तोंड तापलं. कोल्हापूरहून रात्रभर गाडीत बसून आले, गुडघा सुजला, शेंगदाण्याचे लाडू आणले, आणि मला बाहेर बसायला सांगते. कुणाशी भांडले मी, कुणासाठी भांडले? आजपर्यंत मला गप्प बस म्हणणारा माणूस आमच्या घराण्यात झाला नाही. आमचे हे सुद्धा म्हणाले नाहीत, उठून बाहेर जायचे.

घरी येऊन कुणाशी बोलले नाही. अजून राग आहे. सगळी झोपली आहेत, मी स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे, आणि राग आहेच.

पण बोलली. माझ्या तोंडावर, मला वाईट वाटेल हे माहीत असून, बोलली पोरगी.

पुढच्या वेळी मी बाहेर गेटापाशी बसेन. लाडू घेऊन.